‘थडगं’ नावाचा बँड आणि त्याने वाचलेली पुस्तकं



गेल्या दोन व्याख्यानांत आपण संकल्पस्वातंत्र्याचा प्रश्न घेतला होता. माणूस जे करतो ते खरोखर निवडून करतो, की परिस्थिती, संस्कार आणि मेंदूतली रसायनं त्याच्याकडून ते करवून घेतात, असा तो प्रश्न. त्यावर काही श्रोत्यांनी कळवलं, की सर, कांट आणि स्पिनोझा ठीक आहेत, पण घरातल्या पोरांना सांगता येईल असं काहीतरी द्या. म्हणून आजचं उदाहरण पोरांच्याच कपाटातून काढलं आहे. सेपुल्तुरा नावाचा ब्राझीलमधला हेवी मेटल बँड. १९८४ साली सुरू झाला, म्हणजे आता तसा पोरांचाही राहिलेला नाही. त्याचे पहिले चाहते आज पन्नाशीच्या घरात आहेत.

या बँडने २००६ साली दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’वर अख्खा अल्बम केला. २००९ साली अँथनी बर्जेसच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या कादंबरीवर दुसरा केला. २०१३ साली ‘मेट्रोपोलिस’ या जुन्या जर्मन चित्रपटातून शीर्षक उचलून आणखी एक केला. आता दान्ते चौदाव्या शतकातला, बर्जेस विसाव्या शतकातला, आणि मध्येच एक मूकपट. वरवर पाहिलं तर हा वाचनालयातला योगायोग वाटेल. मला तो योगायोग वाटत नाही. तिन्ही ठिकाणी त्यांनी एकच प्रश्न उचलला आहे, आणि तो आपलाच मागच्या वेळचा प्रश्न आहे: माणसाला चांगलं बनवायचं म्हणून त्याची निवड काढून घेतली, तर मागे जे उरतं त्याला माणूस म्हणायचं का?

आधी थोडी ओळख. सेपुल्तुरा म्हणजे पोर्तुगीजमध्ये थडगं. पुढे बँडचा गायक झालेला मॅक्स कावालेरा मोटरहेड या इंग्लिश बँडच्या एका गाण्याचं पोर्तुगीज भाषांतर करत होता, त्यात ‘ग्रेव्ह’साठी हा शब्द आला, आणि तोच नाव म्हणून चिकटला. शब्द आपल्याला अगदीच परका नाही बरं का. जुन्या गोव्यात असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये गेलात तर पायाखाली फरशीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा दिसतात, आणि त्यांवरच्या जुन्या पोर्तुगीज लेखांत हाच शब्द वाचायला मिळतो.

गाव बेलो होरिझोंटे, मिनास जेराइस या राज्याची राजधानी. मॅक्स आणि त्याचा धाकटा भाऊ ईगोर हे दोघं तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचे. ब्राझीलमध्ये १९६४ साली लष्कराने सत्ता घेतली ती १९८५ पर्यंत सोडली नाही. म्हणजे ही मुलं जन्मल्यापासून लष्करी राजवटच पाहत होती. पुढे लोकशाही आली, पण पोलीस आणि तुरुंग एका रात्रीत बदलत नसतात. २ ऑक्टोबर १९९२ रोजी साओ पाउलोच्या कारांदिरू तुरुंगात दंगल झाली, पोलीस आत घुसले आणि १११ कैदी मेले. सेपुल्तुराच्या १९९३ च्या ‘केऑस ए. डी.’ या अल्बममध्ये त्या हत्याकांडावर एक गाणं आहे. हे लक्षात ठेवा, कारण तुरुंग आणि शिक्षा हा विषय त्यांच्याकडे पुस्तकातून आलेला नाही. पुस्तकं नंतर आली.

१९९६ साली ‘रूट्स’ आला. त्यासाठी मंडळी माटो ग्रोसोमध्ये शावान्ते आदिवासींच्या वस्तीत जाऊन राहिली, त्यांच्याबरोबर रेकॉर्डिंग केलं. जगभर नाव झालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी मॅक्स बँड सोडून गेला. बँडचा चेहरा, आवाज आणि बरेचसे शब्द, सगळं एकाच माणसाबरोबर गेलं. त्याच्या जागी अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा डेरिक ग्रीन आला. तो आला तेव्हा त्याला पोर्तुगीजही येत नव्हतं. गिटारवादक आन्द्रेयास किसेर आणि बास वाजवणारा पाउलो ज्युनियर यांनी गाडा ओढला. जुने चाहते म्हणत राहिले की हा तो सेपुल्तुराच नव्हे. अजूनही म्हणतात. बोलणारा माणूस गेल्यावर उरलेल्यांनी काय बोलायचं, हा प्रश्न नाटक मंडळ्यांना पडतो, राजकीय पक्षांना पडतो, घराण्यांनाही पडतो. या मंडळींनी चांगलं उत्तर शोधलं. त्यांनी ग्रंथ समोर ठेवला. आपल्याकडे कीर्तनकार मुळातलं पद संतांचं घेतो आणि निरूपण स्वतःचं करतो, त्याला कोणी उसनवारी म्हणत नाही. तसंच काहीसं.

इथे एक रास्त शंका येते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला हे अल्बम पेनड्राइव्हवर आणून दिले. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला त्यातला एक शब्द कळला नाही. गाणारा घशाच्या तळातून ओरडतो. मग शब्दच ऐकू येत नसतील तर साहित्य कुठून आलं? यावर मी काही दिवस विचार केला. साहित्य यात तीन वाटांनी शिरतं असं मला दिसलं. एक, गाण्यांची नावं. ती ग्रंथाच्या नेमक्या जागा दाखवतात. दोन, क्रम, म्हणजे आधी काय आणि मग काय. आणि तिसरी वाट म्हणजे नाद स्वतः. दान्तेने नरकाचं वर्णन करताना पहिल्यांदा डोळ्यांना काही दाखवलेलं नाही, कानांना ऐकवलं आहे. दारातून आत गेल्यावर अंधारात आरडाओरडा, अनेक भाषांची सरमिसळ, हात आपटल्याचे आवाज. शब्द कळत नाहीत, वेदना कळते. या प्रसंगाला हे संगीत अगदी चपखल बसतं, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागलं.

आता दान्तेकडे येऊ. अल्बमचं नाव ‘दान्ते ट्वेंटीवन’, रोमन आकड्यांत लिहिलेला एकवीस. म्हणजे एकविसाव्या शतकातला दान्ते. तुम्हाला ठाऊक आहे, ‘डिव्हाइन कॉमेडी’चे शंभर सर्ग आहेत: नरकाचे ३४, पर्गेटोरीचे ३३ आणि स्वर्गाचे ३३. पर्गेटोरी म्हणजे पापक्षालनाचा डोंगर. १३०२ साली फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेल्या माणसाने हे लिहिलं आणि १३२१ साली तो रावेन्नाला परगावीच वारला. अल्बममध्येही तीन भाग आहेत, आणि प्रत्येक भागाच्या तोंडाशी एक छोटा तुकडा दारासारखा ठेवलेला आहे. ‘लॉस्ट’ नरकाच्या दारात, ‘लिंबो’ डोंगराच्या पायथ्याशी, ‘युनोए’ स्वर्गाच्या उंबऱ्यावर. दान्तेचा काटेकोर वाचक इथे लगेच बोट ठेवील. लिंबो दान्तेने नरकाच्या पहिल्या वर्तुळात ठेवला आहे, डोंगराच्या पायथ्याशी नव्हे. असो. आपण परीक्षेचे पेपर तपासत नाही आहोत.

नरकातल्या गाण्यांत ‘सिटी ऑफ डिस’ नावाचं एक आहे. डिस हे खालच्या नरकाभोवतीचं तटबंदीचं शहर. या तटाचं महत्त्व काय? तटाच्या बाहेर जे आहेत त्यांचा स्वतःवर ताबा राहिला नाही: कामवासना, खादाडपणा, लोभ, राग. तटाच्या आत जे आहेत त्यांतल्या बहुतेकांनी ठरवून वाईट केलं: हिंसा, फसवणूक, विश्वासघात. म्हणजे ही भिंत संकल्पाच्या सीमेवर बांधलेली आहे. घसरलेला माणूस आणि योजून वार करणारा माणूस यांत दान्ते फरक करतो, जसा आजचा फौजदारी कायदाही हेतू पाहतो. गंमत अशी की या तटाच्या आत शिरल्याबरोबर दिसतात ती थडगी. उघडी, आतून जळणारी, पाखंडी लोकांची. थडगं नावाच्या बँडला तिथे घरच्यासारखं वाटलं असेल तर नवल नाही.

दुसरं गाणं ‘कन्व्हिक्टेड इन लाइफ’. जिवंतपणीच दोषी ठरलेला. याचं बीज मला नरकाच्या तळाजवळ दिसतं, तेहतिसाव्या सर्गात. तिथे दान्तेला फ्रा आल्बेरिगो नावाचा एक विश्वासघातकी भेटतो. जेवायला बोलावून पाहुण्यांना मारणारा. दान्ते विचारतो, तू मेलास कधी? तो सांगतो की माझं शरीर वर पृथ्वीवर काय करतंय ते मला ठाऊक नाही. असला विश्वासघात केला की आत्मा तत्क्षणी इथे पडतो आणि देहात सैतान राहायला येतो. म्हणजे वर एक माणूस जेवतोय, झोपतोय, बाजारात जातोय, आणि तो आत आधीच संपलेला आहे. हा विचार मनात आणा आणि मग १९९२ च्या त्या तुरुंगाकडे पाहा. नरकात कोण होतं, बराकीतले की बंदुका घेऊन आत शिरलेले?

पण माझ्या मते खरी मेख पर्गेटोरीत आहे, आणि आपल्याकडे दान्ते वाचणारेही बहुधा नरक संपला की पुस्तक मिटतात. शंभर सर्गांच्या बरोबर मध्यावर, पन्नासाव्या ठिकाणी, पर्गेटोरीचा सोळावा सर्ग येतो. क्रोधी लोक तिथे डोळे झोंबवणाऱ्या दाट धुरातून चालत असतात. त्या धुरात मार्को लोम्बार्दो नावाचा एक माणूस दान्तेला सांगतो, की लोक सगळ्याचं खापर ग्रहताऱ्यांवर फोडतात. तसं असतं तर संकल्पस्वातंत्र्य उरलं नसतं आणि चांगल्याला बक्षीस, वाइटाला शिक्षा यात न्यायही उरला नसता. ग्रह पहिला धक्का देतात, पुढचं तुमच्या हातात. आपल्याकडे कुंडलीवरून चालणाऱ्या चर्चेत हे वाक्य कोणी म्हटलं तर लोक त्याला फार तर शहाणा समजतील. दान्तेने ते संपूर्ण काव्याचं मध्यबिंदू केलं आहे.

नरक आणि डोंगर, दोन्हीकडे यातना आहेतच. आगीही दोन्हीकडे आहेत. मग फरक काय? डोंगरावरच्या आत्म्यांना ती यातना हवी असते. एकविसाव्या सर्गात कवी स्टेशियस सांगतो, की वर जायची वेळ झाली हे बाहेरून कोणी सांगत नाही. आत्म्याचा संकल्पच शुद्ध झाल्याचं त्याला आतून जाणवतं आणि तो उठतो. तुरुंगाचं दार आतून उघडतं. नरकात ते आतून बंद असतं असं म्हणा हवं तर.

आणि मग सत्ताविसावा सर्ग. डोंगराच्या माथ्यावर व्हर्जिल दान्तेचा निरोप घेतो. तो म्हणतो, आता तुझा संकल्प मोकळा, सरळ आणि निरोगी आहे, यापुढे माझ्या खुणेची वाट पाहू नकोस. आणि तो त्याला त्याच्या स्वतःवर मुकुट व मायटर चढवतो. मुकुट राजाचा, मायटर म्हणजे बिशपच्या डोक्यावरचं उंच शिरोभूषण. राजसत्ता आणि धर्मसत्ता दोन्ही बाहेर होत्या, त्या आता तुझ्या आत आल्या. सेपुल्तुराच्या अल्बममध्ये या जागेचं नाव घेतलेलं गाणं आहे, ‘क्राउन अँड मायटर’. साऱ्या ‘कॉमेडी’तून त्यांनी ही जागा निवडली, इथे मी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं आणि नीट ऐकायला बसलो.

एक गोष्ट मात्र नजरेतून सुटू नये. हे गाणं त्यांनी स्वर्गाच्या भागात ठेवलं आहे. पण मुकुटाचा प्रसंग आहे पर्गेटोरीतला. युनोए ही केलेल्या सत्कृत्यांची आठवण परत देणारी नदी, तीसुद्धा पर्गेटोरीच्या शेवटच्या सर्गातली. म्हणजे या अल्बमच्या स्वर्गात दान्तेचा स्वर्ग नावालाच आहे, आणि तीन भागांत हा भाग सगळ्यांत छोटा. हा दोष म्हणायचा का? हेवी मेटलला नरक जमतो आणि स्वर्ग जमत नाही, असं म्हणून टीकाकार मोकळे होतात. मी म्हणेन की एकविसाव्या शतकातल्या दान्तेला जिथपर्यंत प्रामाणिकपणे जाता येतं तिथपर्यंतच ते गेले: माणूस स्वतःचा स्वामी होतो तिथपर्यंत. त्यापलीकडे श्रद्धा लागते, आणि ती गिटारवर उसनी आणता येत नाही.

स्वर्गाचा विषय निघालाच आहे तर आपल्याशी थेट संबंध असलेली एक जागा सांगून पुढे जातो. स्वर्गाच्या एकोणिसाव्या सर्गात दान्तेच्या मनातली एक शंका बोलून दाखवली आहे. समजा, सिंधू नदीच्या काठी एक माणूस जन्मला. तिथे ख्रिस्ताविषयी सांगणारं, वाचून दाखवणारं कोणी नाही. तो वागायला सज्जन, त्याच्या हातून पाप नाही. तो बाप्तिस्म्याशिवाय मेला तर त्याचा काय दोष? हा सिंधूकाठचा माणूस म्हणजे तुम्ही-आम्ही. उत्तरात दान्तेला ईश्वरी न्यायाचा थांग लागत नाही असं सांगितलं जातं, आणि शेवटच्या निवाड्याच्या दिवशी ख्रिस्ताचं नुसतं नाव घेणारे कित्येक जण त्याच्यापासून या माणसापेक्षा दूर असतील, असंही. सातशे वर्षांपूर्वीच्या सनातनी कॅथलिक माणसाने हा प्रश्न निदान विचारला, हे लहान नाही.

आता दुसरा अल्बम. ‘दान्ते’नंतर धाकटा भाऊ ईगोरही गेला. ज्या दोघांनी बँड काढला त्यांतलं कोणीही उरलं नाही. अशा वेळी २००९ च्या जानेवारीत ‘ए-लेक्स’ आला. नावात कोटी आहे. ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’च्या नायकाचं नाव अॅलेक्स, आणि ‘लेक्स’ म्हणजे लॅटिनमध्ये कायदा. मागचा ‘अ’ तोच, आपल्या ‘अधर्म’मधला. कायद्याविना असलेला. पंडित म्हणतील की ग्रीक उपसर्ग लॅटिन शब्दाला लावला. लावू द्या.

बर्जेस मूळचा मँचेस्टरचा, कॅथलिक घरातला, आणि स्वतःला कादंबरीकारापेक्षा संगीतकार मानणारा. कादंबरी १९६२ ची. पंधरा वर्षांचा अॅलेक्स आपल्या टोळक्याबरोबर रात्री मारहाण, चोरी, बलात्कार करत फिरतो. ही मंडळी रशियन शब्दांची फोडणी दिलेली एक बनावट बोली बोलतात. अल्बममधलं ‘मोलोको मेस्टो’ हे नाव त्या बोलीतलं, दुधाच्या अड्ड्याचं. अॅलेक्सच्या हातून खून होतो, तो तुरुंगात जातो. तिथे सरकारला गर्दी कमी करायची असते. त्याला सांगतात, पंधरा दिवसांचा एक उपचार घे आणि सुटून जा. तो सही करतो. उपचार असा: इंजेक्शन द्यायचं, खुर्चीला बांधायचं, पापण्या मिटू द्यायच्या नाहीत आणि हिंसेचे चित्रपट दाखवायचे. इंजेक्शनमुळे मळमळ होते आणि शरीर ती मळमळ हिंसेशी जोडून टाकतं. पंधरा दिवसांनी अॅलेक्सच्या मनात मारायचा नुसता विचार आला तरी पोटात ढवळतं. तो कोणालाच मारू शकत नाही. स्वतःला वाचवण्यासाठीसुद्धा नाही.

आता दान्तेचा डोंगर आणि हा दवाखाना शेजारी शेजारी ठेवा. दोन्हीकडून बाहेर पडणारा माणूस दुष्कृत्य करत नाही. समाजशास्त्राच्या तक्त्यात दोघे एकाच रकान्यात बसतील. पण डोंगरावर संकल्प दुरुस्त झालेला आहे, आणि दवाखान्यात तो कापून काढलेला आहे. कादंबरीतला तुरुंगाचा पाद्री हेच विचारतो, की निवडू न शकणारा माणूस चांगला कसा म्हणायचा? दारुडा आहे, पण तो पाद्रीच हे ओळखतो. डॉक्टर आणि मंत्री यांना गुन्ह्याचा आकडा खाली आला की पुरे. पाणिनीने कर्त्याची व्याख्या करताना स्वातंत्र्य हीच अट घातली आहे, हे आपण व्याकरणाच्या तासाला पाठ करून विसरतो. स्वातंत्र्य गेलं की क्रियापद उरतं, कर्ता उरत नाही. उपचारानंतरचा अॅलेक्स हे कर्त्याविना क्रियापद आहे.

इथे कोणीतरी म्हणेल, आणि म्हटलंच पाहिजे, की ज्या बाईवर अत्याचार झाला तिला जाऊन विचारा, अॅलेक्सचं संकल्पस्वातंत्र्य महत्त्वाचं की तिची सुरक्षितता. हा प्रश्न बर्जेसच्या चाहत्यांना फारसा आवडत नाही. मला तो टाळता येत नाही. समाजाला अॅलेक्सला कोंडून ठेवायचा पूर्ण अधिकार आहे. कोंडलेल्या माणसाची हालचाल जाते, पण आतला निवाडा त्याच्याकडेच राहतो. तो पश्चात्ताप करू शकतो किंवा करणार नाही. त्याच्या आत हात घालून तो निवाडाच काढून घ्यायचा अधिकार मात्र मी कोणत्याही सरकारला देणार नाही. कारण ज्या सरकारला तो मिळेल ते अॅलेक्सवर थांबणार नाही. लष्करी राजवटीत वाढलेल्या लोकांना हे व्याख्यान देऊन शिकवावं लागत नाही.

या अल्बमचं मला सगळ्यांत पटलेलं अंग वेगळंच आहे. अॅलेक्स शास्त्रीय संगीताचा, त्यातही बेथोव्हनचा वेडा असतो. उपचाराच्या वेळी त्या चित्रपटांना पार्श्वसंगीत म्हणून तेच संगीत वाजत असतं. परिणाम असा, की हिंसेबरोबर संगीतही त्याला सोसवत नाही. डॉक्टरांच्या लेखी हा किरकोळ अपघात. बर्जेससारख्या संगीतकाराच्या लेखी तो गुन्हाच. तर या अल्बममध्ये ‘लुडविग व्हॅन’ नावाचा तुकडा आहे, ज्यात हा बँड बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीतल्या सुरावटी वाजवतो. अॅलेक्सकडून काढून घेतलेली वस्तू ते परत करतात, असं मी ते ऐकतो.

यात बँडचा स्वतःचाही हिशेब आहे. हेवी मेटल पोरांना बिघडवतं, हा आरोप जुना. १९८५ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये गाण्यांच्या शब्दांवर सुनावणी झाली. १९९० साली नेव्हाडात जुडास प्रीस्ट या बँडवर खटला चालला, की त्यांच्या रेकॉर्डमधल्या छुप्या संदेशामुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या. न्यायालयाने तो दावा फेटाळला. संगीत माणसाला वाईट करतं असं मानणारे, आणि संगीत माणसाला सुसंस्कृत करतं असं मानणारे, दोघांनाही अॅलेक्स खोटं पाडतो. तो बेथोव्हन ऐकून चांगला झाला नाही. बेथोव्हन ऐकून वाईटही झाला नाही. आपल्याकडे मैफलीला डोलणारी सगळी माणसं घरी कशी वागतात हे तुम्ही जाणताच.

आणखी एक बारकावा. बर्जेसने कादंबरीची २१ प्रकरणं केली, कारण एकविसाव्या वर्षी माणूस वयात आला असं तेव्हा मानत. शेवटच्या प्रकरणात अॅलेक्सला स्वतःहूनच या सगळ्याचा कंटाळा येतो. बायको, मूल असावं असं वाटू लागतं. अमेरिकन प्रकाशकाने हे प्रकरण गाळलं, आणि कुब्रिकचा १९७१ चा चित्रपट त्या विसाव्या प्रकरणावरच संपतो. अमेरिकेत ते प्रकरण १९८६ साली पुस्तकात परत आलं. प्रश्न तपशिलाचा नाही. एकविसावं प्रकरण नसेल तर माणूस बदलत नाही असं पुस्तक सांगतं. असेल तर, उपचाराशिवाय, उशिरा का होईना, बदलू शकतो असं सांगतं. एक प्रकरण काढलं की माणसाविषयीचा सगळा सिद्धांत उलटतो.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो मला कमी पटतो. त्याचं नाव भलतंच लांब आहे: डोकं आणि हात यांच्यामधला मध्यस्थ हृदयच असायला हवं, अशा अर्थाचं. फ्रिट्झ लांगच्या १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’चं हे सूत्र. वर गगनचुंबी इमारतींत मालक, खाली भुयारात यंत्रांना जुंपलेले मजूर, आणि माणसाच्या रूपातलं एक यंत्र. शेवटी मालकाचा मुलगा बाप आणि कामगारांचा पुढारी यांचे हात एकमेकांत देतो आणि सगळं गोड होतं. किसेरने यातून घेतलं ते एवढंच, की माणसाला यंत्र होण्यापासून वाचवतं ते हृदय, म्हणजे विचार करण्याची आणि निवडण्याची मोकळीक. तिथपर्यंत ठीक. पण सूत्र मुळातच पोकळ आहे. प्लेटोनेही आत्म्याचे तीन भाग केले आणि मधल्या भागाला, छातीतल्या तेजाला, बुद्धीचा साथीदार म्हटलं; पण प्लेटोचं ते तेज अन्यायावर चिडतं. ‘मेट्रोपोलिस’चं हृदय फक्त समेट करतं. मजुरी किती, कामाचे तास किती, हे कोणी विचारत नाही. खुद्द लांगही पुढे म्हणाला की हा शेवट परीकथेसारखा आहे.

कथा लिहिली होती त्याच्या तेव्हाच्या पत्नीने, थिआ फॉन हार्बू यांनी. लांग १९३३ साली जर्मनी सोडून गेला. त्या राहिल्या आणि नाझी पक्षाच्या सदस्य झाल्या. आणि याच बाईंनी बेळगाव भागातले मराठी पत्रकार आयी तेंडुलकर यांच्याशी तीसच्या दशकात बर्लिनमध्ये गुपचूप लग्न केलं. तेंडुलकरांच्या कन्येने या सगळ्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आहे, जरूर वाचा. वंशशुद्धीच्या पक्षाची सदस्य आणि नवरा हिंदुस्थानी. डोकं, हात आणि हृदय यांचा हिशेब या एका आयुष्यात कसा लावायचा ते मला सांगता येणार नाही.

२०२० च्या ‘क्वाद्रा’चा उल्लेख करून आटोपतो. याचं मूळ मध्ययुगीन विद्यापीठांतल्या चार विद्यांवरच्या एका पुस्तकात आहे: अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. बारा गाणी, तीन-तीनांचे चार भाग. पोर्तुगीजमध्ये ‘क्वाद्रा’ म्हणजे खेळाचं मैदानही, रेषा आखलेलं. किसेरचं म्हणणं असं, की प्रत्येक जण आपापल्या क्वाद्रात जन्मतो, तिथले नियम, तिथला धर्म, तिथला कायदा घेऊन. हा सिंधूकाठच्या माणसाचाच प्रश्न झाला, फक्त चेंडूच्या भाषेत. रेषा मी आखल्या नाहीत. पण खेळ मीच खेळतो.

डिसेंबर २०२३ मध्ये बँडने चाळीस वर्षं पुरी होताना निरोपाच्या दौऱ्याची घोषणा केली. दौऱ्याचं नाव मृत्यूतून जीवनाचा उत्सव अशा अर्थाचं. थडग्यापासून निघालेल्यांनी दुसरं काय ठेवायचं.

ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी ‘ए-लेक्स’पासून सुरुवात करा, ते सोपं आहे, कादंबरी घ्याल तर २१ प्रकरणांची आहे ना हे पाहून घ्या. ‘दान्ते’ ऐकताना पर्गेटोरीचा सोळावा आणि सत्ताविसावा सर्ग कोणत्याही भाषांतरात उघडून जवळ ठेवा. आवाज आधी बारीक ठेवा, शेजाऱ्यांनाही संकल्पस्वातंत्र्य असतं. आता प्रश्न घेऊ.